माणशी खर्च

“हेही नाही परवडत मले,” तारा म्हणाली आणि पोह्यांवरची तर्री चमच्यानं बाजूला सारू लागली.

उद्धवच्या हातातला मोबाइल तसाच वर राहिला. त्यात बर्फाचा उतार होता, उतारावर लाल जाकीट घातलेला कोणी घसरत होता आणि खाली हॉटेलचा भाव होता. तो भाव एवढा खाली आणायला उद्धवचा आठवडा गेला होता. गुलमर्ग सोडून त्यानं औली धरलं होतं आणि विमान सोडून नागपूरहून रेल्वे.

“मॅडम, याच्याहून सस्तं म्हणजे मंग चिखलदराच,” पियुष म्हणाला. “तिथं बर्फ भेटते, पण गोळ्यातलं.”

पियुष शेंदूरजनाघाटचा संत्र्याचा व्यापारी. त्याच्या अमरावतीतल्या घरी दर शनिवारी दुपारी ही बैठक बसे. त्याची बायको रागिणी आणि तारा एकाच शाळेत शिकवायच्या. उद्धव पियुषचा जुना दोस्त, जिल्हा कोर्टात वकील.

स्कीइंगचं खूळ मूळ पियुषचं. ते उचलून धरलं उद्धवनं, आणि त्याचं कारण बर्फ नव्हतं, तारा होती. जे अमरावतीत तीन वर्षं बोलता आलं नाही, ते तो पहाडावर बोलणार होता. कोर्टात समोरच्याला तोंड उघडू न देणारा हा माणूस तिच्यासमोर उभा राहिला की पुढची तारीख मागून घेई. आता तारीख मिळण्यासारखी नव्हती. ताराचे वडील अकोल्याला स्थळं पाहत होते आणि होळीच्या आत जमवायचं म्हणत होते. सहल त्याआधी, फेब्रुवारीत. ताराच आली नाही, तर त्या बर्फाचं उद्धव काय करणार होता?

म्हणून तो भाव पाडत राहिला. त्याचा हिशेब सरळ होता. रेल्वे सोडून अमरावतीहूनच गाडी केली, तर तिचं भाडं ठरलेलं, शिकवणाऱ्याची फी ठरलेली. माणसं वाढली की माणशी खर्च उतरतो. त्यानं औलीही सोडलं, मनालीजवळचं सोलंग काढलं आणि पियुषच्या काकांना, खुशालरावांना गळ घातली.

“घसराले इतक्या दूर काहून येऊ मी?” खुशालराव म्हणाले. “पावसाळ्यात आमच्या वावरात या. फुकट घसरा.”

पण त्यांच्या बायकोनं, वच्छलाकाकूंनी, तोवर लोकर आणली होती, त्यामुळे काका यादीत आले. काकूंसोबत त्यांची बहीण आली आणि बहिणीमागून तिच्या भिशीतल्या बाया. स्की करणारे मोजके, भाकरी-ठेचा बांधून आणणारे भरपूर, अशी ती सहल ठरली. टेम्पो ट्रॅव्हलर भरली. माणशी खर्च इतका उतरला की व्यापारी असूनही पियुषनं तो आकडा पुन्हा विचारून घेतला.

पुढच्या शनिवारी उद्धवनं तो आकडा सगळ्यांसमोर सांगितला आणि ताराकडे पाहिलं. वच्छलाकाकू तेव्हा लोकरीच्या टोपीसाठी तिच्या डोक्याचं माप घेत होत्या. तारानं माप मुकाट्यानं दिलं.

“चांगलं जमवलं तुमी,” ती म्हणाली. “पण मले आता तर बिलकुलच नाही परवडत.”

खुशालराव सोफ्यावरून बोलले, “दोघीचा पगार सारखाच ना? मंग आमच्या सुनेले परवडते, हिले काहून नाही परवडत? वकील, आता काय पोरीले वरून पैसे देऊन नेता?”

उद्धवच्या मनात तोही विचार येऊन गेला होता.

ताराची अकोल्याला घरी जायची बस होती. एरवी तिला स्टँडवर रागिणी सोडायची. आज रागिणीचं डोकं काकूंच्या मापातून काही सुटेना. तेव्हा स्कूटर उद्धवनं काढली.

बस लागलेलीच होती. तिच्या दाराशी उद्धवनं शेवटचा युक्तिवाद केला.

“मॅडम, आपण स्कीची एकच जोडी भाड्यानं घेऊ. तुमी घसरा, मंग मी घसरतो. अन् काकूच्या माहेरचेही येतो म्हणून राहिले. म्हणजे भाडं अजून—”

“वकीलसाहेब,” तारानं त्याला थांबवलं, “पैसे परवडत नाही, असं मी कधी म्हटलं?”

उद्धवनं आठवून पाहिलं. तिनं खरंच तसं म्हटलं नव्हतं.

“गुलमर्गच्या वक्ताले चौघं होतो आपण. तरी रागिणी अन् पियुषभाऊ सोबत आहेतच, म्हणून मी नाही म्हटलं. तुमी काय केलं? भाव उतरवला अन् माणसं चढवली. मी पुन्हा नाही म्हटलं, तुमी पुन्हा चढवली. आज तर टोपीसाठी लाइन लागून राहिली तिथं. मले पैसे परवडतात. माणसं नाही परवडत.”

कंडक्टरनं घंटी मारली. उत्तर ठाऊक नसेल तर प्रश्न विचारू नये, हे वकिलीत अगदी सुरुवातीला शिकवतात. उद्धवनं तरीही विचारलं.

“मंग किती माणसं परवडतात तुमाले?”

“एक,” तारा पायरी चढत म्हणाली. “बाकीच्यांले त्याच गाडीत भरून उद्या अकोल्याले घेऊन या. पोराकडचे जितके जास्त येतील, तितकं आमच्या बाबाले बरं वाटते.”