पडीक जमिनीची तक्रार

"तपासणी झाल्याशिवाय अनुदान सुटणार नाही," कारकून खिडकीआडून म्हणाला.

"पण तपासणी कधी होणार?" तिनं विचारलं.

"गाडी दुरुस्तीला गेलीय."

"मागच्या महिन्यातही गाडीच दुरुस्तीला होती!" मागून तिचे सासरे कडाडले. "चालत या म्हणावं! पाय आहेत ना तुमच्या साहेबांना?"

कारकुनानं फाइल बाजूला सरकवली. दर खेपेला हेच व्हायचं. ती गोडीगुलाबीनं जमवत आणायची आणि आबांच्या तोंडाचा पट्टा सुटला की मुसळ केरात. पण त्यांना घरी राहा कसं म्हणणार? ऐंशीच्या घरातला माणूस गुडघे चोळत, दोन बस बदलून तिच्यासाठी यायचा.

ही सहावी खेप. जमीन पडीक आहे, अशी कुणीतरी लेखी तक्रार केली होती आणि तेव्हापासून सरकारी पैसे थांबले होते. पडीक! नवरा गेल्यापासून तीन वर्षं ती एकटी त्या जमिनीशी झुंजत होती. कंबर कायमची धरलेली, हाताच्या भेगा भरून येत नव्हत्या. धाकटी बहीण फोन करकरून थकली होती: "ताई, शिवणकामाच्या कारखान्यात जागा आहे. उद्या ये." ती म्हणायची, "अनुदान सुटलं की भागेल. आबांना कुणावर टाकून येऊ?"

तक्रार कुणाची, याबद्दल तिला शंका नव्हती. बांधावरून तीन पिढ्या भांडणारा शेजारी. कालच ती त्याच्या दारात जाऊन नाही नाही ते बोलून आली होती. "मुलांची शपथ, वहिनी, मी नाही," तो म्हणाला होता. चोराच्या उलट्या बोंबा!

"तक्रारदाराचं नाव तरी सांगा," ती म्हणाली.

"नियमात बसत नाही."

"नियम गेले खड्ड्यात!" आबांनी काठी आपटली आणि त्यांना खोकल्याची उबळ आली. शिपाई त्यांना धरून बाहेर पाण्यापाशी घेऊन गेला.

तिचं अवसानच गळालं. खिडकीच्या कठड्यावर कपाळ टेकून ती म्हणाली, "दादा, त्या शेजाऱ्याचं आम्ही काय वाकडं केलंय हो?"

 कारकुनानं दाराकडे नजर टाकली.

"ताई, शेजाऱ्याला शिव्या देणं बंद करा," तो हळूच म्हणाला. "पहिल्या तक्रारअर्जात जमीन पडीक आहे, एवढंच होतं. त्याच माणसाचा हा दुसरा परवा आलाय. मी दाखवला असं कुठं बोलू नका."

त्यानं कागद तिच्याकडे फिरवला. अक्षर थरथरतं, ओळी वर-खाली गेलेल्या.

'साहेबांस विनंती. तपासणीला माणूस पाठवू नये. पाठवला तर शेत हिरवंगार दिसेल आणि पैसे पुन्हा सुरू होतील. पैसे आहेत तोवर ती इथून हलणार नाही. मी सांगून पाहिलं, ऐकत नाही. माझे किती दिवस उरलेत? तिचं अख्खं आयुष्य पडलंय. अनुदानाची अर्जदार माझी सून आहे.'