पाडकाम

केपजवळची ती काळ्यांची वस्ती गोऱ्या सरकारनं हटवू नये म्हणून अँग्लिकन बिशप लुंगिसा पेपरात लिहून थकले, मंत्र्यांना भेटून थकले, कोर्टातही हरले. अखेर बुलडोझर आलेच. वस्तीतल्या नोमालिझो या म्हातारीनं भांडीकुंडी बाहेर काढायला घेतली.

"चर्चला धक्का लागणार नाही, बिशप," गोरा अधिकारी म्हणाला. "देवाच्या जागा पाडायच्या नाहीत, असा वरून हुकूमच आहे. घरं मात्र जाणार."

बिशप थेट नोमालिझोच्या पत्र्याच्या घरात शिरले. गुडघे टेकून त्यांनी खणखणीत आवाजात प्रार्थना म्हटली, दारावर खडूनं क्रूस काढला.

"आजी, आजपासून तुमचं घर म्हणजे चर्च."

मग ते शेजारच्या घराकडे वळले. मागोमाग सगळी वस्ती गात निघाली.

"काय पोरखेळ लावलाय हा?" अधिकारी तणतणत नोमालिझोच्या घरात घुसला.

पोलिसाच्या सावलीलाही दचकणारी म्हातारी आज जागची हलली नाही.

"साहेब, टोपी काढा. चर्चमध्ये आहात तुम्ही."

अधिकाऱ्याचा हात आपसूक टोपीकडे गेला. साहेबाचं उघडं डोकं पाहून बाहेर बुलडोझरवाल्यानं इंजिन बंद केलं.