समासातला माणूस

सासऱ्यांच्या टॅबवरची ई-पुस्तकं लावून देताना सून थबकली. ‘वाचलेल्या’ पुस्तकांचा कप्पा रोडावत आणि ‘वाचायच्या’ पुस्तकांचा फुगत चालला होता. जन्मभर ग्रंथपाल राहिलेले सासरे शेजारी धुसफुसत बसले होते. “न वाचलेली पुस्तकं वाचलेल्यांत कोण कोंबतं गं? मीच सारखी परत काढतोय!” तिने एक पुस्तक उघडलं. पानोपानी पिवळ्या खुणा, समासात त्यांचीच टिपणं. ती बघून ते भडकलेच. “पुस्तकात खरडणाऱ्याला मी वाचनालयाची पायरी चढू द्यायचो नाही! कुणाचे उद्योग हे?” ती चटकन म्हणाली, “चुकलं, बाबा. मैत्रिणीच्या वडिलांना टॅब वाचायला दिला होता.” ते कुरकुरत एकेक टिपण वाचू लागले. हळूहळू कपाळावरची आठी मावळली. “सवय वाईट, पण माणूस जाणता दिसतोय,” ते म्हणाले. “एकदा घरी बोलाव त्याला. बोलायला कुणीतरी हवंच होतं मला.”