दोघांचं रक्त

"दोघांनाही तपासणीला रक्त द्यावं लागेल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

शिंप्याने बायकोकडे पाहिलं. ती खाटेवरची चादर उगाचच सारखी करत होती.

खाटेवर त्यांची भिंगरी. नववीतली पोर, पण डोळे पिवळे आणि ओठ पांढरेफटक. लाल पेशींना शक्ती पुरवणारं एक एन्झाइम तिच्यात नीट चालत नव्हतं, त्यामुळे पेशी अकाली फुटत होत्या. रक्त चढवलं की थोडे दिवस बरे जायचे, मग पुन्हा तेच. आता प्लीहा काढायचं घाटत होतं.

"त्याआधी निदान पक्कं हवं. हा दोष आईबापांकडूनच येतो."

"बाबा, घाबरलात ना?" भिंगरी हसली.

"मी? छे!" शिंप्याने लगेच बाही सरकवली.

व्हरांड्यात बायकोने त्याचा दंड धरला. "मी नाही देणार. मला सुई सोसत नाही."

"जन्म गेला काजं-बटणं करण्यात, आणि सुईला भितेस?"

ती हसली नाही. "पोरीला कळलं तर?"

भिंगरी पोटची नव्हती. आपल्याला मूल होणार नाही, हे शिंप्याने लग्न ठरतानाच सांगितलं होतं. "मग आपण एक आणू," ती लगेच म्हणाली होती. लग्नानंतर महिन्याभरातच तिने त्याला एका दूरच्या आश्रमात नेलं. तिथून ही रांगती पोर कडेवर घेऊन ते आले आणि नव्या गावात दुकान थाटलं. गोष्ट दोघांतच राहिली.

"नाही म्हणालीस तर पोर कारण विचारेल," तो म्हणाला. "दे तू. डॉक्टरीणबाईंशी मी बोलतो."

तिने दिलं. पण त्या दिवसापासून तिच्या घशाखाली घास उतरेना.

अहवाल आला तेव्हा शिंपी एकटाच आत गेला आणि त्याने दार लोटून घेतलं.

"बाई, आधी माझं ऐका. आमचं दोघांचंही रक्त तिच्याशी जुळायचं नाही. पोर आश्रमातून आणलीय. तिला ठाऊक नाही. तिच्यासमोर काही बोलू नका, पाया पडतो तुमच्या."

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढला.

"तुमचं जुळत नाही, हे खरं," त्या सावकाश म्हणाल्या. "पण आम्ही जनुकं दोनदा पडताळली. तिची आई तुमची बायकोच आहे."