खिडकीपासूनचे चार पट्टे

"यात गुलाबी आहे," ऑर्व्हिल म्हणाला.

लोर्ना ब्रश हातात धरून भिंतीकडे बघत राहिली. तिला त्यात गुलाबी दिसत नव्हता, हिरवा दिसत नव्हता, काही म्हणजे काही दिसत नव्हतं. खिडकीपासून सुरुवात करून तिने तीन पट्टे ओढले होते. तिन्ही बेज, दुधात बुडवलेल्या बिस्किटासारखे. एकाचं नाव 'ओली वाळू', दुसऱ्याचं 'ओटची लापशी', तिसऱ्याचं 'वाळवंटातली सकाळ'. नावं ठेवणाऱ्याला घरी काही कामधंदा नसावा.

"कुठे आहे गुलाबी, डॅड?"

"झाकणावरची चिठ्ठी वाच."

कुठला रंग किती थेंब घातला, ते दुकानदार झाकणावर चिकटवून देतो. लोर्नाने वाचलं. काळा चार, पिवळा बारा, लाल तीन.

"तीन थेंब लाल? दुपारच्या उन्हात खाटकाचं दुकान वाटेल ही खोली. नको."

चाळीस वर्षं त्याने डेटनमधली घरं रंगवली होती. त्याच्याशी वाद कोण घालणार? आणि चूक लोर्नाचीच होती. त्याला आपल्या घरी आणलं त्या दिवशी तीच बोलून बसली होती, की वरची खोली जुन्या घरातल्या आईच्या खोलीच्याच रंगाची करू, तुम्हीच निवडा. तेव्हापासून म्हातारा खाली सोफ्यावर झोपत होता आणि लोर्ना रोज ऑफिसातून परस्पर रंगाच्या दुकानात जात होती. दुकानदार आता तिला बघितलं की हसायचा.

पट्टा ओढायचा, त्यावर रंगाचा दुसरा हात द्यायचा, वाळू द्यायचा, मग सकाळच्या उजेडात बघायचा आणि दुपारच्याही. एका पट्ट्यात एक दिवस जायचा. आणि शनिवारी ड्वाइट येणार होता.

ड्वाइट तिचा मोठा भाऊ. कोलंबसजवळच्या एका वृद्धाश्रमात त्याने डॅडसाठी जागा धरून ठेवली होती. त्याचं म्हणणं, डॅडना नीट दिसत नाही, एकदा पेटत्या शेगडीवर हात ठेवला होता. लोर्ना आणि तिचा नवरा रस दोघंही नोकरीला, मग दिवसभर म्हातारा एकटा काय करणार? लोर्नाने फोनवर त्याला झाडलं होतं. "बेजमधला गुलाबी ओळखतात ते. तुला ओळखता येतो का? मग तूच जा वृद्धाश्रमात." पण शेवटी ठरलं होतं ते असं, की ड्वाइट येऊन स्वतः बघेल, आणि डॅडचं एकट्याने भागत नसेल तर रविवारी घेऊन जाईल.

"दोघं मिळून बेजवर पीएचडी करा," रस म्हणाला. तो टायरच्या कारखान्यात जायचा आणि घरी आल्यावर त्याला जिन्यात रंगाचे डबे नको असायचे. "अगं, शेवटी भिंत आहे ती. तिच्याकडे पाठ करून झोपायचंय."

गुरुवारी संध्याकाळी चौथा पट्टा झाला. ऑर्व्हिलने त्यावर तळहात टेकवला.

"रंगाचा दुसरा हात ओला आहे. उद्या बघू."

लोर्नाचं डोकं फिरलं. "उद्या, उद्या. मी नोकरी सोडून भिंतीच रंगवत बसू का? मी कुणासाठी भांडतेय ड्वाइटशी? तुम्हाला जायचं असेल तिकडे तर सरळ सांगा, म्हणजे मीही सुटेन."

बोलून गेली आणि तिचं तिलाच वाईट वाटलं. म्हाताऱ्याने रंग लागलेला तळहात पँटला पुसला.

"मला नाही जायचं," तो म्हणाला. "मला भीती वाटते तिथली."

शुक्रवारी ती पाचवा डबा घेऊन घरी आली तेव्हा तो खाली रेडिओवर बेसबॉल ऐकत बसला होता. रेडिओ मोठा लावलेला. त्याने तो बंद केला आणि उठला.

"चल वर. आज ठरवून टाकू."

तो कठड्याला धरून पुढे गेला. ती डबा घेऊन मागून निघाली आणि अर्ध्या जिन्यात फोन वाजला. ड्वाइट.

"उद्या दहापर्यंत पोचतो. डॅडची बॅग भरून ठेव."

ती त्याला काही बोलणार, तेवढ्यात वरून डॅडचा आवाज आला. खणखणीत, पूर्वी शिडीवरून यायचा तसा.

"चौथा, लोर्ना. खिडकीपासून चौथा. यात लालचा एक थेंब नाही. तुझ्या आईच्या खोलीचा रंग हाच."

लोर्नाला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं. तिने डबा पायरीवरच ठेवला.

"ऐकलंस?" ती फोनमध्ये म्हणाली. "आणि म्हणे दिसत नाही. चार सारखे बेज आहेत इथे, रसला विचार, आठवडाभर डोकं पिकलंय आमचं. त्यातून बरोबर एक काढला त्यांनी."



"बरं बाई, हरलो," ड्वाइट म्हणाला. "ती जागा सोडतो मी. आत्ताच कळवतो त्यांना. कुठला रंग काढला म्हातारबांनी?"

उरलेल्या पायऱ्या ती पळतच चढली.

कोपऱ्यात रस उभा होता. हातात रोलर, पायाशी पांढऱ्या प्रायमरचा रिकामा डबा, आणि चेहरा पार उतरलेला. त्याने लोर्नाकडे बघून नुसती मान हलवली. ऑर्व्हिल त्याच्यापासून चार पावलांवर, भिंतीकडे तोंड करून, समाधानाने हसत होता. भिंत या टोकापासून त्या टोकापर्यंत पांढरीशुभ्र होती. तिच्यावर एकही पट्टा उरला नव्हता.

"हॅलो? अगं, कुठला?" ड्वाइटने पुन्हा विचारलं.

"चौथा," लोर्ना म्हणाली.