किल्लेदारांच्या जागी

इंजेक्शन अंगात भिनेपर्यंत बसायचं होतं, म्हणून केतकीने सहज विचारलं, “सर, तुम्ही इथे तळघरात नेमकं करता तरी काय?”

कुठल्याच विद्यार्थ्याने हे कधी विचारलं नव्हतं. किरणोत्सारी साखर शरीरात लपलेला कॅन्सर कसा उजळून दाखवते, ते डॉ. किल्लेदारांनी अगदी रंगून सांगितलं. मग तिला यंत्रात झोपवून वैद्यकाच्या एकेका शाखेची चित्रं दाखवली. ज्या चित्राला मेंदू उजळेल, तीच शाखा मिळायची. तिथे कुणाचा हट्ट चालत नसे.

बालरोगाला पडदा जेमतेम उजळला. न्यूक्लिअर मेडिसिनला, म्हणजे किल्लेदारांच्याच शाखेला, मात्र लख्ख झाला.

किल्लेदार खुर्चीतून उठलेच. हा विषय विद्यार्थ्यांना आधी कोणी समजावून सांगतच नसे, म्हणून त्यांच्यानंतर कुणाचाच मेंदू त्याला उजळला नव्हता. आणि बदली माणूस मिळेपर्यंत त्यांना निवृत्ती नव्हती.

“बालरोगच आलं ना, सर?” बाहेर येत केतकी म्हणाली. “बाबांनी माझ्या दवाखान्याला रंगसुद्धा देऊन ठेवलाय.”

स्कॅन पुसायला एक बटण पुरेसं होतं. किल्लेदारांचा हात तिथवर गेला आणि मागे आला. त्यांनी छातीवरचा किरणमापक बिल्ला काढून तिच्या एप्रनला लावला.

“रंग माझ्याही वडिलांनी दिला होता, बाळ,” ते म्हणाले.