न विचारता

बाळाच्या सुंतेवरून सासरे आणि नवरा तिच्या खाटेपाशीच हमरीतुमरीवर आले होते.

"आपल्या घरात पिढ्यान्‌पिढ्या होत आलीय. तुझीही केली, काय बिघडलं?"

"मला कुणी विचारलं होतं, बाबा? शरीर त्याचं आहे. त्याला न विचारता कुणालाही ब्लेड लावू देणार नाही मी!"

सासरे पाय आपटत निघून गेले. त्यांची समजूत घालायला नवराही मागोमाग गेला.

"भाग्यवान गं बाई तू, असा नवरा मिळाला," शेजारच्या खाटेवरची बाळंतीण म्हणाली.

तिनं नुसतं 'हं' केलं आणि टाक्यांना बाळाचा धक्का लागू न देता भिंतीकडे तोंड फिरवलं. सकाळी ड्रेसिंग करताना नर्स सहज बोलून गेली होती, "सिझेरियनबरोबर नसबंदीही उरकली, बरं झालं. तुम्ही भुलीत होतात ना, तुमच्या मिस्टरांनीच सही केली."